बर्फावरचं माझं संशोधन

आई, गेल्या महिन्यात मला कळलं की मी गेली सात वर्षं बर्फावर संशोधन करते आहे. पीएच.डी.साठी. माझा एक गाईड आहे, तो मला छळतो, आणि माझा प्रबंध जवळजवळ होत आलाय. हे मला सांगितलं सांता क्लाराच्या त्या काकांनी, ज्यांच्या गॅरेजमध्ये तू दर रविवारी मराठीची शाळा घ्यायचीस. मी स्की-लिफ्टच्या पायथ्याच्या खोपटात बसून ओले हातमोजे हीटरवर पालथे घालत होते. फोन वाजला, नंबर ओळखीचा नव्हता, उचलला तर पलीकडून आवाज, "काय डॉक्टर, ओळखलंत का?" मी म्हटलं, राँग नंबर. ते खूप हसले. मग त्यांनी नाव सांगितलं, बाबांकडून माझा नंबर घेतल्याचं सांगितलं, आणि म्हणाले की मराठी मंडळाची अठ्ठावीस माणसं सीझन संपायच्या आत एकदा बर्फावर यायचं म्हणताहेत, तर कुठला शनिवार बरा ते मीच सांगावं. आपल्या घरची सायंटिस्ट तिथे बसलेली असताना वेबसाइट कशाला बघायची, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, काका, हे सायंटिस्टचं तुम्हाला कोणी सांगितलं? तर म्हणाले, "म्हणजे काय, वहिनीच सांगायच्या. फार कौतुक होतं गं त्यांना तुझं." तेवढ्यात खुर्चीत बसताना एक बाई पडली, लिफ्ट थांबवायला धावायचं होतं, म्हणून मी "या, या" म्हटलं आणि फोन ठेवला.

बाईला उठवलं, स्की पायात नीट अडकवून दिल्या, लिफ्ट चालू केली, आणि मग मला राग यायला लागला. आधी थोडासा. दुपारपर्यंत असा की मी फावड्याने रॅम्पवरचा बर्फ सरकवत होते ते माझा जोडीदार लांबून बघत राहिला आणि कॉफी आणून ठेवून गेला. सहा वर्षं होतील तुला जाऊन. मेलेल्या माणसावर रागवायचं म्हणजे फार पंचाईत असते, दार आपटायला दारच नसतं.

आता मी खरंच काय करते ते ऐक. मी सांता क्लाराहून गाडीने पाच तासांवरच्या एका डोंगरात लिफ्टवर काम करते. तारेवरून खुर्ची येते, मी ती पाठीमागून धरते, माणसांच्या गुडघ्यांमागे आपटू नये म्हणून जरा मागे ओढते, माणसं बसतात, खुर्ची जाते. मग पुढची. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन रॅम्प खरवडायचा, खुर्च्यांवरचा बर्फ झाडायचा, एप्रिलमध्ये रॅम्प दुपारी पातळ व्हायला लागला की त्यावर मीठ मारायचं. एवढंच. उन्हाळ्यात मी दुसरीकडे असते. ऑरेगनला चेरी तोडल्यात, अलास्कात मासे पॅक केलेत, एक उन्हाळा आयडाहोत एका म्हाताऱ्याच्या मेंढ्यांमागे फिरले. त्या म्हाताऱ्याचा कुत्रा फक्त बास्क भाषेत ऐकायचा, मला ती येईना, मी शेवटी त्याच्याशी मराठीत बोलायला लागले आणि तो ऐकायला लागला. ती गोष्ट खरी मोठी आहे, पण इथे नको. सांगायचं हे की मला यातल्या कशाचीही लाज नाही. कधीच नव्हती. लाज तुला होती, आणि हे मला आत्ता कळतंय.

मी बाबांना फोन लावला. ते आता डब्लिनला असतात, म्हणजे ओहायोतल्या, तू गेल्यावर वर्षभरात त्यांनी नोकरी बदलली. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?  ते म्हणाले, मला वाटायचं तुलाही माहीत आहे. मी म्हटलं, बाबा, मला कसं माहीत असणार, आणि तुम्ही कोणाला सांगितलं का नाही की असं काही नाहीये म्हणून? तर म्हणतात, "तुझ्या आईचं बोलणं मध्ये तोडायची सोय होती का कधी?" आणि मग नेहमीप्रमाणे, जेवतेस ना नीट. दरवेळी तेच. मी रडत असले तरी तेच आणि हसत असले तरी तेच.

मला एक सांग. तू त्या गॅरेजमध्ये बसून लोकांच्या पोरांचा एकेक ऱ्हस्व-दीर्घ सोडायची नाहीस. चार वर्षांच्या पोराने 'माझा आई' म्हटलं तर तू त्याला तीनदा म्हणायला लावायचीस. नागपूरला असताना भूगोलाच्या पेपरात 'सह्याद्री पूर्वेला' लिहिणाऱ्या मुलीला तू वर्गाबाहेर नेऊन सूर्य दाखवला होतास, हे तू स्वतः आम्हाला दहा वेळा सांगितलंयस. चूक दिसली की तुला बसवत नसे. आणि स्वतःच्या मुलीबद्दल एवढी मोठी चूक गावभर फिरत होती, तर ती तुला चालली? नाही, चालली कसली. तूच फिरवत होतीस.

तो ऑक्टोबरमधला दिवस आठवतो का तुला? तू स्वयंपाकघरात जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत बसलीयेस, ओट्यावर इतकी जागा असताना जमिनीवर, कारण नागपूरला तसंच. मी दारात उभी राहून सांगते की कॉलेज सोडलं. तू मान वर करत नाहीस. तुझा हात चालू आहे, पान, दांडी, पान, दांडी. "बरं. आणि आता?" मी म्हणते, डोंगरात जाते, बर्फात. यूटाला एक मैत्रीण आहे. "बर्फात काय?" माहीत नाही, मी म्हणते. तेव्हा तू वर बघितलंस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त म्हणालीस, "तुला माहीत नाही, मला माहीत नाही. पण रविवारी दहा पोरांच्या आया येतात, त्यांना काय सांगू तेवढं सांगून जा." आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सारलीस. आपण दोघींनी मिळून मेथी निवडली. रात्री थेपले केलेस आणि मला प्रवासात बांधून दिलेस, पण त्या दिवशी माझ्याशी आणखी एक शब्द बोलली नाहीस. मी त्या वेळी मनात म्हटलं होतं, हिला माझी नाही, त्या दहा बायांची पडलीय.

आणि मग ते रविवारचे फोन. हेच मला खरं बोलायचं आहे आणि मी मेंढ्या न् मेथी करत बसलेय. दोन हिवाळे, दर रविवारी, तुझी शाळा सुटल्यावर दुपारी तीनला मी फोन करायचे आणि तू पहिल्याच रिंगला उचलायचीस. पहिल्या एकदोन वेळा आपण दोघीही अवघडलेल्या. मग तू विचारायला लागलीस. आज वरती किती बर्फ आहे? पायथ्याशी किती? रात्री गोठला का? कुठल्या तोंडाचा उतार आधी वितळतो, पूर्वेकडचा की दक्षिणेकडचा? मी सांगायचे आणि तू लिहून घ्यायचीस, मला पेन्सिलीचा आवाज यायचा. मार्च-एप्रिल आला तेव्हा तर तुझे प्रश्न संपेनात. हिवाळ्यात काय, बर्फ पडतो आणि असतो, त्यात तुला फार रस नव्हता. पण वसंतातला बर्फ दिवसभरात तीन रूपं घेतो म्हटल्यावर तू एकदम जागी झालीस. मी सांगितलं की रात्री तो गोठून लादीसारखा होतो, सकाळी त्यावर उभं राहवत नाही. दहाच्या सुमाराला ऊन लागून वरचं बोटभर मोकळं होतं, दाणेदार होतं, आणि तेव्हा त्यावरून घसरण्यासारखं सुख नाही. आणि एक वाजला की सगळा चिखल, स्की रुतते आणि माणूस पुढे जातो. तू म्हणालीस, दाणेदार म्हणजे कसं, रव्यासारखं? मी म्हटलं, नाही, मोठं. तू विचार केलास आणि म्हणालीस, "म्हणजे भिजलेल्या साबुदाण्यासारखं. मोकळा, पण आत ओल." अगदी तसंच होतं, आई. इथली माणसं त्याला मक्याच्या दाण्याचं नाव देतात, पण ते चूक आहे, तुझं बरोबर आहे. रॅम्पवर मीठ मारतात म्हटल्यावर तू म्हणालीस, अगं बाप्पा, मग वितळत नाही का? आणि माझ्या आधीच तुझं तुला सुचलं, पॉटच्या आइस्क्रीममध्ये बर्फात मीठ घालतो तसं, आणखी गार पडून घट्ट होतं. तू इतकी खूश झालीस की बाबांना हाक मारून सांगितलंस.

दुसऱ्या वर्षी तू एक पार्सल पाठवलंस. मेथीचे लाडू, लोकरीची कानटोपी, आणि एक जाड वही, त्यात पानापानावर तू पट्टीने रकाने आखलेले. तारीख, वेळ, तापमान, खोली, शेरा. शंभर पानं असतील, सगळी हाताने. मी ती वही मांडीवर घेऊन बंकवर बराच वेळ बसले होते. मला वाटलं, हिने मान्य केलं. कॉलेज सोडलेली, घर सोडलेली, अशीही मुलगी हिला चालते. पुढची सहा वर्षं मी ज्यावर जगले, ते हे. तू गेलीस तेव्हा मी दोनच दिवस घरी राहिले, कोणाशी धड बोलले नाही, पण आपलं शेवटचं सगळं चांगलं होतं एवढं माझ्याजवळ होतं.

आणि आता काका म्हणतात, वहिनी सांगायच्या. म्हणजे मी एप्रिलमधल्या बर्फाबद्दल जीव तोडून सांगत होते आणि तू ते त्या बायांना पुरवायला लिहून घेत होतीस? दर रविवारी नवा माल? खोटं रंगवायला बारकावे लागतात, ते माझ्याकडून? मला याचा राग आहे. डॉक्टर म्हण नाहीतर राष्ट्रपती म्हण. पण फोन माझे होते.

बरं, ते आले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की साडेनऊच्या आत येऊ नका. अठ्ठावीस मराठी माणसं साडेसात वाजता पार्किंगमध्ये हजर. रात्री अडीचला सांता क्लाराहून निघाले म्हणे, पाच गाड्या, ट्रॅफिक नको म्हणून. डिकीतून उपमा निघाला, चहाचे थर्मास निघाले, एका मावशींनी बर्फावर सतरंजी अंथरली आणि ती त्यांच्यासकट हळूहळू घसरायला लागली. सगळा उतार काचेसारखा होता. मी मनात म्हटलं, आता यांना थोपवायचं कसं. कारण मला अनुभव होता. दोनच आठवड्यांपूर्वी असेच एक गृहस्थ सकाळी आठला पहिल्या खुर्चीला आले होते, बायको बरोबर, दोघंही नवशिके. मी इंग्रजीत सांगितलं की सर, आत्ता वर फार कडक आहे, दोन तास थांबा, मग मजा येईल. ते मला म्हणाले थँक यू, आणि बायकोला मराठीत म्हणाले, "खुर्च्या ढकलणारी पोरगी मला अक्कल शिकवतेय." मी मराठीत काही बोलले नाही. पंधरा मिनिटांनी ते बसून, पाठीवर, एका स्कीवर असे खाली आले, दुसरी स्की त्यांच्या आधी पोचली होती. मनगट धरून होते. पट्टी बांधायला डोंगरावरच्या बचाव पथकाची माणसं आली, तेव्हा मी मराठीत विचारलं, फार दुखतंय का हो? त्यांच्या चेहऱ्याची आठवण मी पुरवून पुरवून वापरते.

तर मला वाटलं होतं की हेही ऐकणार नाहीत. पण काकांनी टाळी वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि जाहीर केलं की आपल्या बाईंची मुलगी, ही इथली सायंटिस्ट आहे, ती सांगेल तसंच व्हायचं. आणि आई, ते थांबले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. उपमा खात दहापर्यंत बसून राहिले. मी टाच आपटून दाखवली, अजून नाही म्हटलं, तर दुसरे एक काका बाकीच्यांना समजावून सांगायला लागले की मॅडमनी टेस्ट केली. सव्वादहाला मी म्हटलं आता, आणि ती माणसं उठली, आणि दोन तास त्या दाणेदार बर्फावर पडली, हसली, एकमेकांचे फोटो काढले, कोणाचं नखही मोडलं नाही. मला मान मिळत होता आणि माझा संताप होत होता. तेच डोळे, तीच टाच, तेच ज्ञान. लिफ्टवाली म्हणून सांगितलं तर अक्कल शिकवतेय, आणि डॉक्टर म्हणून सांगितलं तर टेस्ट केली.

दुपारी माझी अर्ध्या तासाची सुट्टी होती म्हणून मी त्यांच्यात जेवायला गेले. काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, मला थालीपीठ आणि लोण्याचा गोळा हातावर दिला. समोर पार्किंगच्या कडेला एक सपाट मैदान आहे, पांढरंशुभ्र, दिसायला इतकं निरागस की काय सांगू. मंडळाची पाचसहा लहान पोरं प्लॅस्टिकच्या घसरगाड्या ओढत तिकडे निघाली होती. त्याखालून ओढा जातो. हिवाळ्यात काही नाही, हत्ती चालवा. पण एप्रिलच्या दुपारी वरचा बर्फ तसाच दिसतो आणि खालून पाण्याने तो खाऊन पोकळ केलेला असतो. मी थालीपीठ टाकून, बाजूला टेकवलेलं माझं फावडं उचलून पळाले. फार ओरडले नाही, पोरं घाबरून पळतात आणि भलतीकडेच जातात. पुढे जाऊन आडवी उभी राहिले आणि फावड्याचा दांडा त्यांच्या समोर बर्फात उभा टोचला. तो थोडा अडला आणि मग एकदम माझ्या मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा खालचा हातभर ओला होता, पाणी गळत होतं. पोरांनी त्याला हात लावून बघितला. मागून आया धावत आल्या, त्यांनीही बघितला. मग एक बाई म्हणाली, बरं झालं बाई तुझं शिक्षण यातलंच आहे. 

काका-काकूंची मुलगी आता कॉलेजात आहे. तुझ्या वर्गात होती, दोन वेण्या, 'ळ' म्हणता यायचा नाही, आठवतं? ती माझ्याबरोबर पोरांना परत घेऊन येत होती. वाटेत वाकून तिने मूठभर बर्फ उचलला, दाबला, उघडला आणि म्हणाली, "ताई, लुक. साबुदाणा." मी जागीच उभी राहिले. मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? तिची अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. म्हणाली, बाईंनी शिकवलं ना, युअर मॉम. एका रविवारी तू म्हणे परातीत फ्रीजमधला बर्फ कुटून आणलास, त्यावर मीठ घातलंस, पोरांना बोटं घालायला लावलीस, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ असा डोंगर फळ्यावर काढलास. बेस्ट क्लास एव्हर, म्हणाली. पाढे नाहीत, बाराखडी नाही. मी मुद्दाम विचारलं, तेव्हा माझ्याबद्दल काय म्हणाली होती आई? रिसर्च करते, पीएच.डी. करते, असं काही? तिने भुवया आक्रसल्या. "नो. शी नेव्हर सेड पीएच.डी. पीएच.डी. बाबा म्हणतात. बाई फक्त म्हणायच्या, माझी मुलगी बर्फ मोजते."

 आम्ही गाड्यांपाशी आलो. माझी सुट्टी संपली होती.

चारला ते निघाले. काका माझा हात हातात घेऊन म्हणाले की जुलैत मंडळाचं स्नेहसंमेलन आहे, त्यात तुझं एक व्याख्यान ठेवू, पत्रिकेत 'डॉ.' छापायचं की झाल्यावर छापायचं ते सांग. आता मात्र मला राहवेना. मी म्हटलं, "काका, मी डॉक्टर नाही. होणारही नाही. मी इथे लिफ्टवर खुर्च्या धरते, तुम्ही सकाळी बघितलंत ना." काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अगदी वहिनींवर गेलीस. तोच विनय." आणि पाठीवर थाप मारून गाडीत जाऊन बसले. सांग, या माणसाचं काय करायचं? मी सत्य सांगितलं आणि त्याचासुद्धा तुझ्या मोठेपणात हिशेब झाला.

काकू मात्र मागे राहिल्या होत्या. त्यांनी माझ्या जाकिटाकडे बघितलं, त्यावर मोठ्या अक्षरात 'लिफ्ट ऑपरेशन्स' लिहिलंय, दिवसभर लिहिलेलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "मला तेव्हाच माहीत होतं गं. यांनी पहिल्यांदा 'संशोधन' म्हटलं, चारचौघांत, तेव्हा तुझी आई दुरुस्त करायला तोंड उघडत होती. मी बघत होते. उघडलं आणि मिटलं." मी विचारलं, का? काकू म्हणाल्या, ते काय मी सांगू, तुझी आई होती. आणि उरलेली थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळून माझ्या हातात देऊन गेल्या.

तेव्हापासून मी त्या मिटलेल्या तोंडावर रागावलेली आहे. आज लिफ्ट बंद झाली, सीझन संपला, आम्ही खुर्च्या एकेक करून काढून ठेवल्या, डोंगर नुसत्या तारांचा उभा आहे आणि जागोजागी माती दिसायला लागलीय. मी परवा निघेन, अजून कुठे ते ठरलं नाही. जायच्या आधी हे लिहून काढावं म्हटलं. तू खोटं रचलं नाहीस, मान्य. दुसऱ्याने फुगवलं आणि तू गप्प बसलीस, एवढंच. पण तू गप्प बसणारी नव्हतीस ना! 'ळ' न येणाऱ्या पोरीला तू दोन महिने सोडलं नाहीस. एक वाक्य. "नाही हो, संशोधन नाही." एवढं म्हणायला किती श्वास लागतो? मग मला आज सहा वर्षांनी अठ्ठावीस माणसांपुढे डॉक्टर म्हणून उभं राहावं लागलं नसतं, आणि मी आपले फोन एकेक करून उलगडून बघत बसले नसते की यातला कुठला माझा आणि कुठला त्यांचा. परातीत बर्फ कुटून वर्ग घेतलास ते मला का नाही सांगितलंस? त्या रविवारीही तीन वाजता मी फोन केला असणार. तू नेहमीसारखं किती बर्फ विचारलं असणार. तेवढं एक सांगितलं असतंस तर आज मला कोणाला काही विचारावं लागलं नसतं.

चार पानं झाली. माझ्या हातून कुठलीच गोष्ट पूर्ण होत नाही म्हणायचीस, ही होत आली बघ. बाबांना पाठवणार नाही, ते वाचतील आणि जेवतेस ना नीट विचारतील. तुला कुठे पाठवणार. पण इतकं भांडल्यावर एक राहिलंय, ते न लिहिता बंद केलं तर मी तुझ्यापेक्षा काही वेगळी नाही.

पहिल्या वर्षी, यूटाहून पहिला फोन केला तेव्हा तू विचारलंस की काम काय करतेस. मी कॅफेटेरियात भांडी घासत होते. दोन्ही हिवाळे तेच करत होते. बर्फाचं जे जे तुला सांगितलं ते मोरीवरच्या खिडकीतून बघितलेलं, नाहीतर जेवायला येणाऱ्या पोरांकडून ऐकलेलं. माझे हात साबणाने सोलवटले होते आणि मला ते तुला सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "बर्फ मोजते." तू लगेच म्हणालीस, हो का, मग आज किती आहे? फोनच्या समोरच्या भिंतीवर बर्फाच्या रोजच्या नोंदीचा फळा लावलेला असायचा. मी त्यावरचा आकडा वाचून सांगितला.